ओम्नीतलं रेडियम मशीन, त्याची बॅटरी आणि पॅनेलवरची लेबलं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. इचलकरंजीत रेडियमचं, म्हणजे चिकटणाऱ्या रंगीत व्हिनाइलची अक्षरं कापून देण्याचं दुकान आहे, ती कापणारा २४ इंची कटर आहे, एक जुनी ओम्नी आहे. सूतगिरण्या, यंत्रमागाचे कारखाने आणि सोलर बसवणारे कंत्राटदार विजेच्या पॅनेलची (स्विचच्या कपाटांची) लेबलं मागतात. माप घ्यायला एक फेरी, चिकटवायला दुसरी आणि चुकलेलं बदलायला तिसरी, म्हणून मशीन गाडीतच बसवायचं आहे. बॅटरीच्या दुकानदारानं २ केव्हीएचा इन्व्हर्टर आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी सुचवली आहे. ती घ्यावी का, आणि विजेच्या लेबलांवर नेमकं काय लिहायचं, त्याला काही नियम आहेत का.

मी शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत २१ वर्षं हेच काम करतोय, त्यातली ९ वर्षं गाडीतून. त्यामुळे दुकानदाराचं आधी सांगतो: घेऊ नका. तो इन्व्हर्टर तुमच्या गरजेच्या दसपट आहे आणि ती बॅटरी पन्नास किलोच्या वर भरेल. ओम्नीत ती कुठे ठेवणार आणि वळणावर ती कुठे जाणार?

कटरचा आवाज ऐकून तो भरपूर वीज खात असेल असं वाटतं. आत असतात दोन छोट्या मोटारी. एक रोल मागेपुढे करते, दुसरी पात्याची गाडी डावी-उजवीकडे पळवते, आणि बहुतेक मशीनमध्ये त्या २४ व्होल्ट डीसीवर चालतात. माझ्या मशीनला वॅटमीटर लावून बघितलं तेव्हा नुसतं चालू असताना १० वॅटच्या आसपास आणि सलग कटिंगला ३५ ते ४० वॅट आले. लॅपटॉप चार्ज होताना ६०, एलईडी पट्टी १०. सगळं मिळून ११० वॅट धरा. इन्व्हर्टरमध्ये १५ टक्के वाया जातात, म्हणजे बॅटरीतून १३०. हे सगळं ४ तास चाललं तर ५२० वॅट-तास होतात. १२.८ व्होल्ट, ५० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी ६४० वॅट-तासांची असते. तिच्यातले ८० टक्के वापरायचे ठरवले तर ५१२ मिळतात. कागदावर हे जेमतेम दिसतं. पण कटर सलग ४ तास कधी चालतच नाही. पंधरा मिनिटं कटिंग आणि पाऊण तास नको ते रेडियम काढणं, टेप लावणं, चिकटवणं, असंच चालतं. माझी ५० एएच संध्याकाळपर्यंत निम्मीही उतरत नाही.

लेड-ॲसिड बॅटरी स्वस्त पडते हे खरं, पण ती निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे विकत घेतलेल्यातलं अर्धंच वापरायला मिळतं. वर चार्जिंगला हायड्रोजन सोडते, तो बंद गाडीत नको. गाडीच्या स्वतःच्या बॅटरीवर तर अजिबात विसंबू नका. ती स्टार्टरला क्षणभर मोठा करंट द्यायला बनवलेली असते, तासन्‌तास थोडा थोडा द्यायला नाही. दोन-चार वेळा धक्का मारून ओम्नी चालू करावी लागली की हे आपोआप पटतं. लिथियम बॅटरी रात्री घरी तिच्याच चार्जरवर लावा. १० अँपिअरच्या चार्जरवर ५ तासांत भरते. अल्टरनेटरवरून (इंजिनवर फिरणाऱ्या गाडीच्या डायनॅमोवरून) भरायची असेल तर मध्ये डीसी-डीसी चार्जर हवाच, थेट जोडली तर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जातो.

(टी-शर्टचा हीट प्रेसही गाडीत ठेवायचा बेत असेल तर वरचं सगळं गणित विसरा. तो एकटाच दीड हजार वॅटच्या घरात जातो.)

आता इन्व्हर्टर घ्यायचा की नाही, हे मशीनच्या मागची पट्टी वाचून ठरवायचं. मशीनला बाहेरचा ॲडाप्टर असेल आणि त्यावर आउटपुट २४ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल, तर २३० व्होल्ट गाडीत आणूच नका. १२ चे २४ करणारा चांगला डीसी-डीसी कन्व्हर्टर घ्या, ॲडाप्टरवर लिहिलेल्या अँपिअरच्या दीडपट क्षमतेचा. लॅपटॉपला कारमध्ये चालणारा चार्जर मिळतो. संपूर्ण गाडीत ३० व्होल्टच्या वर काही उरत नाही, आणि पावसात ओल्या हातानं काम करताना याचं मोल कळतं. फक्त पहिल्यांदा पिन मशीनला लावायच्या आधी मल्टिमीटरनं व्होल्टेज आणि प्लस-मायनस दोन्ही बघा. पिनच्या आतला भाग प्लस असतो असं गृहीत धरून एकानं माझ्यासमोर नवं कोरं मशीन जाळलंय.

दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमध्ये लावून २४ करायचा मोह बऱ्याच जणांना होतो. करू नका. लेड-ॲसिडची जोडी पूर्ण भरलेली असली की नुसती पडून २५.४ दाखवते आणि चार्जिंगवर २८.८ पर्यंत चढते. मशीनच्या बोर्डाला ते झेपेलच असं नाही.

तुमचं मशीन स्टँडवालं चिनी बनावटीचं असेल तर बहुधा आतच पॉवर सप्लाय असेल आणि मागे तीन पिनांची २३० ची केबल. मग इन्व्हर्टर लागेल. ३०० वॅटचा पुरे, फार तर ६०० चा, पण शुद्ध साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाइनसारखी वीज देणारा. स्क्वेअर वेव्हवर काही मशीन चालतातही, पण आत ट्रान्सफॉर्मर असेल तर तो गुणगुणतो आणि तापतो, आणि आपल्या मशीनमध्ये काय आहे हे उघडून बघेपर्यंत समजत नाही. मोठा इन्व्हर्टर घेऊन ठेवण्यात शहाणपण नाही, कारण मोठ्याची स्वतःची भूकही मोठी असते. काही न जोडता नुसता चालू ठेवला तरी तो बॅटरी पीत बसतो. आणखी एक: आतल्या सप्लायला ११५/२३० असा छोटा लाल स्विच असेल तर तो २३० वरच आहे ना, हे डोळ्यांनी बघा. ११५ वर राहिला आणि २३० दिलं की एक आवाज येतो आणि काम संपतं.

सिगारेट लायटरच्या सॉकेटवर इन्व्हर्टर चालवायचा नाही. त्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते १५ अँपिअरचा असतो, म्हणजे १२० ते १८० वॅटची कमाल मर्यादा, आणि तो पातळ वायरीवर असतो. इन्व्हर्टर थेट बॅटरीवरून घ्या. ३०० वॅटला १२ व्होल्टवर हिशेबानं २५ अँपिअर, नुकसान धरून ३० च्या आसपास. दीड मीटरच्या आत अंतर असेल तर ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची लवचीक वायर आणि ४० अँपिअरचा फ्यूज. ६०० चा घेतलात तर १६ चौरस मिलिमीटर आणि ८० चा फ्यूज.

फ्यूज कुठे बसवायचा हे जास्त महत्त्वाचं. पहिल्या वर्षी मी तो इन्व्हर्टरच्या तोंडाशी बसवला, बघायला सोपा म्हणून. सहा महिन्यांत सीटच्या रुळावर घासून वायर सोलली, पत्र्याला टेकली आणि धूर निघाला. फ्यूज शाबूत होता, कारण शॉर्ट त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला झाला होता. नशिबानं गाडी उभी होती आणि पाना हाताशी होता. तेव्हापासून बॅटरीच्या प्लसपासून एक वीतभर अंतरात फ्यूज, वायरीला जाड नळी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट. ओम्नीत पुढच्या सीटखाली इंजिन असतं, तिथला पत्रा तापतो, म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर दोन्ही मागे. गाडी एलपीजीची असेल तर टाकीपासून लांब. इन्व्हर्टर लाकडी पेटीत कोंडू नका, त्याला हवा लागते.

कारखान्याच्या सॉकेटवरूनच का घेऊ नये, असंही तुम्ही विचारलंय. घेता येतं, मीही कधी कधी घेतो. पण ज्या दिवशी पॅनेलला लेबलं लावायची त्या दिवशी बहुधा शटडाउन असतो आणि सॉकेटच मेलेला असतो. दुसऱ्या दिवशी शेजारी वेल्डिंग चालू असतं, व्होल्टेज उड्या मारतं आणि अर्ध्या कटिंगमध्ये मशीनचा शून्यबिंदू (कटिंग सुरू करायची जागा) सरकतो. बाहेरून वीज घेतलीच तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) असलेला स्वतःचा छोटा बोर्ड मध्ये ठेवा.

हा आरसीसीबी तुमच्या इन्व्हर्टरवर मात्र बहुधा काम करणार नाही, आणि इथे भलेभले वायरमन गोंधळतात. घरच्या लाइनमध्ये न्यूट्रल जमिनीला जोडलेला असतो. छोट्या गाडीतल्या इन्व्हर्टरचं आउटपुट बहुधा कशालाच जोडलेलं नसतं, अधांतरी असतं. टेस्टर लावला तर तो दोन्ही भोकांत मिणमिणतो आणि माणूस म्हणतो, इन्व्हर्टर बिघडला. बिघडलेला नसतो, त्याचा स्वभावच तो. अशा सप्लायवर पहिला दोष झाला तर करंटला परतीची वाट नसते, त्यामुळे काहीच ट्रिप होत नाही आणि कुणाला कळतही नाही. धोका दुसऱ्या दोषाच्या वेळी असतो. म्हणून या इन्व्हर्टरवर एक कटर आणि लॅपटॉप एवढंच चालवायचं. एक्स्टेन्शन बोर्डांची माळ नको, चिखलातून केबल नको. मशीनची बॉडी, इन्व्हर्टरची बॉडी आणि गाडीचा पत्रा हिरव्या वायरीनं एकत्र जोडा. न्यूट्रल समजून आउटपुटची एक तार पत्र्याला जोडायचा उद्योग मात्र करू नका. काही इन्व्हर्टर त्यानं क्षणात जळतात. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलं असेल तरच ते करायचं.

ती हिरवी वायर आणखी एका कारणासाठी लागते. रोल उलगडताना रेडियमवर स्थिर वीज साठते. जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत तर हाताचे केस उभे राहतात. दुकानात अर्थिंगमधून ती निघून जाते, गाडी रबरी टायरांवर उभी असते. मग मध्येच यूएसबी तुटतं, मशीन गोठतं आणि तुम्ही ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकत बसता. बॉडी एकत्र जोडली, यूएसबीची केबल दीड मीटरच्या आतली आणि फेराइटचा मणी (टोकाजवळचा काळा फुगीर तुकडा) असलेली घेतली, की निम्मा त्रास जातो. पेनड्राइव्हवरून चालणारं मशीन असेल तर लॅपटॉप जोडूच नका. कटिंग करताना गाडीचं इंजिनही बंद हवं, त्याच्या थरथरीनं बारीक अक्षरांच्या कडा करवतीसारख्या येतात.

मशीनबद्दल एवढं पुरे. गाडी घेऊन जाण्याचा खरा फायदा इंधन वाचण्यात नाही. २०११ च्या सुमाराला एका कारखान्याच्या पॅनेलची लेबलं मी दुकानात बसून, त्यांनी पाठवलेल्या ड्रॉइंगवरून कापली. उंटावरून शेळ्या हाकल्या म्हणा ना. ड्रॉइंगमध्ये फीडर ७, म्हणजे पॅनेलमधून निघणारी सातवी लाइन, कॉम्प्रेसरची होती. दरम्यान कुणीतरी केबल बदलून कॉम्प्रेसर फीडर ९ वर नेला होता आणि ७ वर क्रेन आली होती. ड्रॉइंग तसंच राहिलं. माझी लेबलं सुंदर होती, काळ्यावर पांढरी, एका रेषेत. आठवडाभरानं कॉम्प्रेसरच्या मोटारीचं काम निघालं, फिटरनं फीडर ७ बंद करून कुलूप लावलं आणि टर्मिनल बॉक्स उघडला. त्यांच्या सुपरवायझरला टेस्ट लॅम्प लावल्याशिवाय हात घालायचा नाही अशी सवय होती. लॅम्प पेटला. मला फोन आला तेव्हा पलीकडचा माणूस ओरडतही नव्हता, शांतपणे विचारत होता की हे तुम्ही कुठून लिहिलंत. माझ्याकडे ड्रॉइंगचा कागद होता, तो दाखवून मी सुटलो असतो. पण पॅनेलवर लेबल नसतं तर तो फिटर शोधत बसला असता. लेबल होतं म्हणून त्यानं शोधलं नाही.

तेव्हापासून जागेवर तपासल्याशिवाय कापत नाही. पॅनेलचं दार मी उघडत नाही आणि तुम्हीही उघडू नका, ते परवानाधारक वायरमनचं काम. तो एक एक फीडर बंद करतो, दुसरा माणूस फोनवर खालून सांगतो की काय बंद पडलं, मी लिहून घेतो. हात लागणार असेल तिथे टेस्ट लॅम्प आधी चालू असलेल्या लाइनवर पेटवून बघायचा, मग बंद केलेल्यावर, मग पुन्हा चालूवर. मधल्या वेळात लॅम्पच गेला नाही ना, याची ती खात्री. ४० फीडरच्या पॅनेलला यात अर्धा दिवस जातो. त्याचे पैसे वेगळे लावा. लोक कुरकुरतात पण देतात. आणि मग गाडीत जाऊन कापायचं, गरम गरम. लेबल असं दिसतं:

फीडर ९ — कॉम्प्रेसर २
पुरवठा: मेन पॅनेल, फीडर ३
१०० अँपिअर, ४१५ व्होल्ट
जागेवर तपासले: महिना, वर्ष

शेवटची ओळ कुणीच मागत नाही. मी फुकट घालतो. पाच वर्षांनी तो पॅनेल उघडणाऱ्याला त्यावरून कळतं की या लेबलावर किती भरवसा टाकायचा.

नियमाचं विचारलंत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षाविषयक २०१० च्या विनियमांत धोक्याच्या सूचनेचं कलम होतं, आणि आता त्यांच्या जागी २०२३ चे विनियम आले आहेत. मुद्दा असा की २५० व्होल्टच्या वरच्या प्रत्येक जागी, दिसेल अशा ठिकाणी, कायमची धोक्याची पाटी हवी. ती हिंदी किंवा इंग्रजीत आणि शिवाय जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत, आयएस २५५१ या भारतीय मानकाप्रमाणे कवटी आणि हाडांच्या चित्रासह. या मानकातली पाटी म्हणजे पांढऱ्या इनॅमलचा पत्रा आणि त्यावर लाल अक्षरं. ४१५ व्होल्टच्या जागेला २०० बाय १५० मिलिमीटर आणि हाय व्होल्टेजला २५० बाय २०० मिलिमीटर. ही पाटी रेडियममध्ये कापून देऊ का असं गिऱ्हाईक विचारतं. मी नाही म्हणतो. ट्रान्सफॉर्मरच्या कुंपणावर दहा पावसाळे काढायचे असतील तर इनॅमलचीच पाटी विकत आणून बोल्टनं लावायची. माझं रेडियम आतल्या लेबलांसाठी.

भाषेची एक गंमत आहे. आपण ‘धोका’ लिहितो आणि समाधानी होतो. तुमच्या यंत्रमागावर नि आमच्या फाउंड्रीत निम्मे कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचे. त्यांना देवनागरी वाचता येत असली तरी ‘धोखा’ म्हणजे त्यांच्याकडे फसवणूक! त्यांचा शब्द ‘खतरा’. म्हणून मी दोन्ही शब्द घालतो आणि वर पिवळा त्रिकोण, काळी किनार, काळी वीज. हे चिन्ह आयएसओ ७०१० या आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे. त्रिकोण लाल करू नका, दुकानात लाल रोल उरलाय म्हणून तर नाहीच. पिवळा म्हणजे इशारा, लाल म्हणजे मनाई किंवा आगीचं साहित्य, निळा म्हणजे हे करायलाच हवं, हिरवा म्हणजे सुरक्षित वाट.

देवनागरी कापण्याबद्दल थोडं लिहायलाच हवं, कारण हे इंग्रजी व्हिडिओंत सापडत नाही. फॉण्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते आणि शेजारच्या अक्षरावर थोडी चढलेली असते. स्क्रीनवर ती अखंड दिसते, पण पातं प्रत्येक जोडाच्या आरपार जातं आणि शब्दाचे तुकडे होतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी कर्व्ह करा (अक्षरांच्या रेषा बनवा), मग वेल्ड करा (एकमेकांवर चढलेले आकार एकत्र जोडा) आणि वायरफ्रेममध्ये, म्हणजे नुसत्या कडा दाखवून बघा. एकदा वेल्ड झालं की मात्र आपली लिपी इंग्रजीपेक्षा सोपी: अख्खा शब्द शिरोरेषेला लटकून एकसंध उचलला जातो. सुटे राहतात ते अनुस्वार आणि नुक्ते. नको ते रेडियम काढताना (आमच्याकडची पोरं याला निंदणीच म्हणतात) टिंबं तणाबरोबर जातात. ‘बंद’चा ‘बद’ झालेला मी पाहिला आहे. टिंब २ मिलिमीटरच्या खाली जाऊ देऊ नका आणि अक्षराची उंची १० च्या खाली. त्याहून बारीक मजकूर छापील लेबलवर घ्या, कटरवर नको. वाचणारा किती लांब उभा असेल त्याचा माझा हिशेब साधा आहे: दर मीटरला ५ मिलिमीटर उंची. कृतिदेव-श्रीलिपी या जुन्या फॉण्टांतले मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतलेत तर रफार आणि वेलांट्या एकदा मोठ्यानं वाचून तपासा.

सोलरचं काम तुम्हाला सगळ्यात जास्त मिळेल. २०२४ च्या फेब्रुवारीत पीएम सूर्यघर योजना आल्यापासून घराघरांवर पॅनेल चढताहेत, आणि लेबलं मात्र कंत्राटदाराच्या यादीत सगळ्यात शेवटी असतात. छतावरच्या पॅनेलला स्विच नसतो. खाली सगळं बंद केलं तरी ऊन आहे तोवर डीसीच्या तारांत व्होल्टेज असतंच. म्हणून डीसी बॉक्सवर स्पष्ट वाक्य: ‘स्विच बंद असला तरी उन्हात या तारांत वीज असते.’ आणि मीटरजवळच्या बोर्डावर: ‘दोन पुरवठे — महावितरण आणि सोलर. दोन्ही बंद करा, तपासा, मग हात लावा.’ जनरेटर किंवा इन्व्हर्टर असलेल्या घरांत चेंजओव्हरच्या (एका वेळी एकच पुरवठा जोडणाऱ्या स्विचच्या) दोन्ही बाजूंना नावं. चेंजओव्हरच नसेल, नुसता दोन टोकांना पिना असलेल्या वायरीनं जनरेटर घरात घुसवला असेल, तर लेबल लावू नका. ती वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे लाइनमन चढलेला असतो. मी अशा दोन कामांना हात जोडून निघून आलोय.

कपॅसिटर पॅनेलला थांबायची वेळ लिहा, कारण बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. त्यांच्या मानकात बंद केल्यावर ३ मिनिटांत ७५ व्होल्टपर्यंत उतरावं अशी अपेक्षा असते, पण आतला डिस्चार्जचा रेझिस्टर तुटलेला असेल तर तो नियम वाचत नाही. म्हणून ‘बंद केल्यावर ५ मिनिटे थांबा, तपासा, मग हात लावा’ असं लिहितो. ड्राइव्हच्या (मोटारीचा वेग बदलणाऱ्या यंत्राच्या) बाबतीत अंदाज नको. प्रत्येक ड्राइव्हच्या अंगावर वेळ छापलेली असते, तीच उतरवून घ्या. यूपीएसवरच्या बोर्डाला ‘मेन बंद केला तरी हा बोर्ड चालू’.

मटेरियलमध्ये फार पाल्हाळ लावत नाही. आत साधं पॉलिमेरिक रेडियम चालतं, बाहेर उन्हात जास्त टिकणारं कास्ट घ्या. पावडर कोटिंगचा खरखरीत पत्रा असेल तर जादा चिकटीचं लागतं. कोपरे ३-४ मिलिमीटर गोल करा, टोकदार कोपरा आधी सुटतो. पुसायला थिनर नको, रंग निघतो. आयसोप्रोपिल वापरा, पण पॅनेल बंद असताना, आणि वाळू द्या, कारण त्याची वाफ पेटते. रोल मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नका, गोंद वितळून कडेला येतो. हीटसिंक, बसबार, तापणारी चोक यांच्यावर काही चिकटवायचं नाही, पॅनेलच्या जाळीवर तर नाहीच. एमसीबीचं रेटिंग आणि आरसीसीबीचं टेस्ट बटण झाकायचं नाही. चांदीसारखं चकाकणारं क्रोम रेडियम गिऱ्हाइकाला आवडतं. त्यात ॲल्युमिनियमचा थर असतो, म्हणजे ते वीज वाहू शकतं. पॅनेलच्या आत ते माझ्याकडे बंद आहे.

आणि ‘रेडियम’ या नावानं फसू नका. जुन्या घड्याळांच्या काट्यांवर खरं रेडियम असायचं, अंधारात चमकायचं, तिथून हे नाव आपल्या बाजारात राहिलं. आपल्या रोलमध्ये त्याचा कणही नाही. रिफ्लेक्टिव्ह शीट फक्त टॉर्चचा उजेड परत फेकते. तळघरातल्या सबस्टेशनमध्ये वीज गेली आणि हातात टॉर्च नसेल तर ती काळीच दिसणार. तिथे बाहेरच्या वाटेचे बाण उजेड साठवून चमकणाऱ्या शीटचे हवेत. ती जाड असते, ६० अंशांचं पातं आणि जादा दाब लागतो. दोन पट्ट्या वाया जातील असं धरूनच भाव सांगा.

आता तुमच्या मशीनच्या मागच्या पट्टीचा फोटो पाठवा. त्यावर २४ व्होल्ट डीसी लिहिलेलं असेल तर कन्व्हर्टर किती अँपिअरचा घ्यायचा ते सांगतो. २३० असेल तर इन्व्हर्टर घ्यायच्या आधी बॅटरी ओम्नीत कुठे बसते त्याचं माप घेऊन ठेवा, म्हणजे वायरीची लांबी ठरवता येईल.